प्रकरण अभ्यास : ‘हकलबेरी फिन’ आणि वाचनगटातली फिसकटलेली संध्याकाळ

(शहर, ग्रंथालय आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

अमेरिकेत ओहायो नदीच्या काठावरच्या एका मध्यम शहरात सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रौढांसाठी वाचनगट चालतो. महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. नोंदणी 16 जणांची, प्रत्यक्षात येणारे 11-12. त्या हंगामाचा विषय होता ‘अमेरिकन अभिजात कादंबऱ्या आणि आपण’. पुस्तकाची समीक्षा करायची नाही, ते वाचताना मनात काय झालं ते एकमेकांना सांगायचं, असं नोंदणीच्या पत्रकातच लिहिलं होतं. सप्टेंबरात स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ (1937), ऑक्टोबरात फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (1925), नोव्हेंबरात मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’. डिसेंबरात सुट्टी. पुढे जानेवारीत हार्पर लीची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (1960), फेब्रुवारीत झोरा नील हर्स्टनची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (1937) आणि मार्चमध्ये टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (1987).

गट चालवणाऱ्या ग्रंथपाल बाई अनुभवी होत्या. बैठकीची त्यांची पद्धत ठरलेली: खुर्च्या गोलात मांडायच्या, सुरुवातीला एक फेरी घ्यायची आणि प्रत्येकाने ‘एका शब्दात सांगा, काय वाटलं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं. मग ज्याला वाटेल त्याने तो शब्द उलगडायचा. सप्टेंबरात ही फेरी विलक्षण रंगली होती. जॉर्ज आपला मित्र लेनी याला नदीकाठी बसवतो, सशांची गोष्ट सांगता सांगता त्याच्या मानेमागे पिस्तूल धरतो, त्या प्रसंगाबद्दल बोलताना चारपाच जणांचे डोळे भरून आले. एकाने आजारी भावाची आठवण सांगितली. बैठक संपल्यावरही लोक अर्धा तास दारात बोलत उभे होते. पद्धत जमली, असं सगळ्यांना वाटलं आणि तसं वाटणं साहजिकच होतं.

‘हकलबेरी फिन’ न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. कादंबरी डिसेंबर 1884 मध्ये इंग्लंडमध्ये आणि फेब्रुवारी 1885 मध्ये अमेरिकेत आली. काळ त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीचा, म्हणजे गुलामगिरीचा. दारुड्या बापापासून पळालेला हक आणि मालकीण आपल्याला विकणार हे कळल्यामुळे पळालेला गुलाम जिम मिसिसिपी नदीतून तराफ्यावरून निघतात. बेत असा, की कैरो या गावाशी मिसिसिपी सोडायची, तिथे येऊन मिळणाऱ्या ओहायो नदीने बोटीतून वर जायचं आणि गुलामगिरी नसलेल्या राज्यांत पोचायचं. धुक्यात कैरो मागे पडतं आणि तराफा दक्षिणेकडे, आणखी खोल गुलामगिरीच्या मुलखात वाहत जातो. म्हणजे जिम ज्या नदीकाठी येऊ पाहत होता, त्याच नदीकाठच्या गावात हा गट बसला होता. ओहायोचा उत्तर काठ मुक्त आणि समोरचा केंटकीचा काठ गुलामगिरीचा, ही हद्द या भागातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या स्मरणात अजून आहे.

सारी कादंबरी हकच्या तोंडून, त्याच्या बोलीत सांगितलेली आहे. त्यामुळे कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी, जिला आज अमेरिकेत सगळे ‘एन-वर्ड’ एवढंच म्हणतात, पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येते. पुस्तकावरचा वाद मात्र त्या शब्दापासून सुरू झाला नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने 1885 मध्येच ते कपाटातून काढलं, ते असभ्य आणि मुलांना बिघडवणारं म्हणून. शब्दाबद्दलचा, वंशाबद्दलचा आक्षेप विसाव्या शतकात पुढे आला.

काय बिघडलं

नोव्हेंबरच्या बैठकीला 12 जण होते. नऊ गोरे, दोन कृष्णवर्णीय आणि मूळच्या नागपूरच्या, औषधनिर्माणशास्त्र शिकून तिथे स्थायिक झालेल्या एक मराठी बाई.

फेरीत तिसरे होते रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांचा शब्द होता ‘अभिमान’. वडिलांची जुनी प्रत ते सोबत घेऊन आले होते, कापडी बांधणीची, कणा दोऱ्याने पुन्हा शिवलेला. त्यांनी एकतिसावं प्रकरण उघडलं. जिम विकला गेला आहे. हक त्याचा ठावठिकाणा कळवणारं पत्र मालकिणीला लिहितो, पापातून सुटल्यासारखं हलकं वाटतं, आणि मग त्याला तराफ्यावरचा जिम आठवायला लागतो. आपण नरकात गेलो तरी चालेल असं ठरवून तो पत्र फाडतो. गृहस्थांनी दीड पान मोठ्याने वाचलं. त्या उताऱ्यात तो शब्द आहे आणि त्यांनी तोही वाचला. वाचताना त्यांचा गळा दाटून आला होता.

समुपदेशक म्हणून शाळेत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाई सहाव्या होत्या. त्यांनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं आणि ‘पुढे जा’ म्हणाल्या. सातव्या सदस्याला ती शांतता सोसवली नसावी. तो म्हणाला, “त्या काळी लोक तसंच बोलायचे.” फेरी संपायच्या आतच ग्रंथपाल बाई समुपदेशक बाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुमचं मत ऐकायला आम्हाला खरंच आवडेल.” हेतू चांगलाच होता.

त्या बोलल्या. चौदाव्या वर्षी वर्गात हे पुस्तक लावलं होतं, वर्गात त्या एकट्याच कृष्णवर्णीय, आणि तो शब्द आला की माना आपल्याकडे वळायच्या. “आत्ताही वळल्या,” त्या म्हणाल्या. गृहस्थांना हे लागलं. “म्हणजे मला रडू आलं ते चुकीचं?” असं त्यांनी विचारलं. त्यावर तिघं-चौघं एकदम बोलायला लागले. समुपदेशक बाई सात वाजून वीस मिनिटांनी उठून गेल्या. उरलेला वेळ पुस्तकाला दोष द्यायचा की वाचकाला, यावरच्या भांडणात गेला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाकडे तीन ईमेल आल्या. एक समुपदेशक बाईंची, दोन ओळींची: नाव कमी करा. दुसरी एका सदस्याची, की आता अभिजात पुस्तकांवर मोकळेपणी बोलायचीही सोय उरली नाही. तिसरी त्या रेल्वेतल्या गृहस्थांची. आपण शब्द उच्चारायला नको होता हे त्यांनी मान्य केलं होतं, पण वडिलांच्या पुस्तकाबद्दल लाज वाटून घ्यायची का, ते कळत नाही असं लिहिलं होतं.

का बिघडलं

एन-वर्ड उच्चारला गेला हे कारण समोरच होतं. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर दुरुस्ती अर्धवट राहिली असती. तीन गोष्टी एकावर एक चढल्या होत्या.

पहिली म्हणजे सप्टेंबरचं यश फसवं होतं. ‘ऑफ माइस अँड मेन’ वाचकाला एका दिशेला नेते. दया, असहायता, मग सुन्नपणा. बारा जणांचे बारा शब्द एकमेकांचे शेजारी असतात आणि फेरीत आपोआप जवळीक तयार होते. ‘हकलबेरी फिन’ तसं करत नाही. एकाच प्रकरणात एकाला मोठेपणा दिसतो आणि दुसऱ्याचा श्वास कोंडतो. अशा पुस्तकावर एका शब्दाची फेरी घेतली की शब्द एकमेकांसमोर उभे राहतात आणि शब्दामागे माणूस असल्यामुळे माणसंही.

दुसरी: ‘काय वाटलं?’ हा प्रश्न पुस्तकाला बांधलेला नव्हता. ‘अभिमान’ कुठल्या प्रकरणातल्या कुठल्या वाक्याशी आला, ‘पुढे जा’ कुठल्या वाक्यामुळे आलं, हे विचारायची जागाच पद्धतीत नव्हती. वाचकाची भावना महत्त्वाची हे मांडणाऱ्या अमेरिकन अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनीसुद्धा (त्यांचं गाजलेलं पुस्तक 1938 चं) भावनेवर थांबा असं कधी म्हटलं नाही. आपल्याला जे वाटलं ते घेऊन पुन्हा मजकुराकडे जायचं, असा त्यांचा आग्रह होता. गटाने पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडला. वाचनगटांत ही चूक इतकी नेहमीची आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडलेली: गप्प राहण्याचा हक्क दिला आणि लगेच काढून घेतला. ‘पुढे जा’ म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा विचारायचं नसतं. त्यातून ती व्यक्ती खोलीतल्या दोन कृष्णवर्णीय सदस्यांपैकी एक असेल, तर तो प्रश्न ‘तुमच्या लोकांच्या वतीने सांगा’ असाच ऐकू येतो.

कोणते पर्याय होते

ग्रंथपाल बाई आणि विभागप्रमुख दोन दिवसांनी बसल्या. टेबलावर पाच पर्याय होते.

काहीच न करता जानेवारीच्या पुस्तकाकडे जाणं सर्वांत सोपं होतं. पण जानेवारीचं पुस्तक ‘मॉकिंगबर्ड’. त्यातही तोच शब्द आहे आणि तिथेही गोऱ्या माणसाचा चांगुलपणा मध्यभागी आहे. तीच आग दुसऱ्या चुलीवर पेटली असती.

यादी बदलणं, म्हणजे ‘हकलबेरी फिन’ आणि ‘मॉकिंगबर्ड’ दोन्ही काढून टाकणं, यावर विभागप्रमुख अनुकूल होत्या. ग्रंथपाल बाईंचं म्हणणं असं, की जी बाई उठून गेली तिने पुस्तक काढा असं कुठेच म्हटलेलं नाही. तिच्या नावावर न मागितलेली मागणी चढवणं हा दुसरा अन्याय. हा मुद्दा निर्णायक ठरला, आणि बरोबरच होता.

शब्द बदललेली आवृत्ती वापरणं हा तिसरा. 2011 मध्ये अभ्यासक ॲलन ग्रिबन यांनी संपादित केलेली अशी आवृत्ती निघाली आहे. त्यात एन-वर्डच्या जागी ‘गुलाम’ असा शब्द घातला आहे. वाचणं सुसह्य होतं, पण अर्थ सरकतो. गुलाम ही कायद्याने लादलेली अवस्था आहे. मुक्त झाल्यावर ती संपते, शिवी संपत नाही. शेवटच्या प्रकरणांत जिम कागदोपत्री मुक्त असूनही सगळे त्याच्याशी जसे वागतात, ते समजायला हा फरक लागतो. शाळेत या आवृत्तीचा उपयोग असू शकेल. प्रौढांच्या गटात, जिथे मोठ्याने न वाचण्याचं बंधन घालता येतं, तिथे तिची गरज नव्हती.

चौथा, प्राध्यापक बोलावून व्याख्यान ठेवणं. माहिती मिळाली असती, पण भावना बोलण्यासाठी जमलेल्यांना गप्प बसवून ऐकवणं म्हणजे झालेल्या प्रकारावर पांघरूण घालणं.

पाचवा, याच पुस्तकावर पुन्हा बसणं, वेगळ्या पद्धतीने. यात धोका उघड होता: पुन्हा फिसकटलं तर गटच मोडला असता. तरी हाच निवडला. अट एकच ठेवली. आधी समुपदेशक बाईंशी बोलायचं आणि त्यांची हरकत असेल तर बैठक घ्यायची नाही.

काय केलं

पहिला फोन. ईमेल नको, कारण ईमेल पुढे पाठवता येते आणि माफीचा सरकारी कागद होतो. फोनवर ग्रंथपाल बाईंनी आपली चूक नेमकी सांगितली: “तुम्ही ‘पुढे जा’ म्हणाला होतात आणि मी तुम्हाला थांबवलं.” परत या, असं म्हटलं नाही. पुन्हा बैठक घेतली तर ती कशी असावी, एवढंच विचारलं. उत्तरात तीन गोष्टी आल्या. तो शब्द कुणीही उच्चारायचा नाही. मला आधी किंवा वेगळं विचारायचं नाही. आणि एकतिसाव्या प्रकरणावर बोलायचं तर शेवटासकट बोलायचं. तिसरी अट त्या वेळी ग्रंथपाल बाईंच्या नीट लक्षात आली नाही. त्यांनी ती फक्त लिहून घेतली.

दुसरा फोन रेल्वेतल्या गृहस्थांना. त्यांना शब्दाबद्दलचा नियम सांगितला आणि एकच काम दिलं: पुस्तक शेवटपर्यंत पुन्हा वाचून या.

मग सगळ्यांना पत्र गेलं. डिसेंबरातली जादा बैठक ऐच्छिक आहे, न येणाऱ्याने कारण कळवायचं नाही. सोबत टोनी मॉरिसन यांनी 1996 च्या एका आवृत्तीला लिहिलेली प्रस्तावना जोडली. लहानपणी हे पुस्तक वाचताना वाटलेली भीती आणि अस्वस्थता त्यांनी त्यात सांगितली आहे, आणि तरीही पुस्तक काढून टाकण्याच्या मोहिमा त्यांना मान्य नव्हत्या. भीती खरी आणि पुस्तकही हवं, या दोन्ही गोष्टी एकाच वाचकात असू शकतात हे दाखवायला याहून चांगला मजकूर सापडला नसता.

ऑडिओबुकचा प्रश्न यातूनच पुढे आला. तीन सदस्य पुस्तक ऐकत होते आणि निवेदक तो शब्द उच्चारत होता. कागदावर डोळा शब्दावरून सरकवता येतो, कानाला ती सोय नाही. त्या तिघांना पर्याय म्हणून मोठ्या टायपातल्या प्रती दिल्या.

दुसरी बैठक

दहा जण आले. समुपदेशक बाई आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. खुर्च्या या वेळी गोलात नव्हत्या. मध्ये लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना माणसं. गोलात प्रत्येकाचा चेहरा सगळ्यांसमोर येतो, टेबलाशी बसलं की नजर टेबलावरच्या वस्तूकडे जाते. ही बारीक गोष्ट फार कामाची ठरली.

प्रत्येकाला 3 बाय 5 इंचाची चार कोरी कार्डं आणि एकसारख्या काळ्या पेन्सिली. एका कार्डावर एकच नोंद: वर प्रकरणाचा क्रमांक, खाली प्रसंग अर्ध्या ओळीत, त्याखाली ‘तिथे मला काय झालं’. नाव नाही. पानांचे क्रमांक मुद्दाम टाळले. पुस्तक स्वामित्वहक्काबाहेर असल्यामुळे दहा जणांकडे सहा आवृत्त्या होत्या आणि पानं जुळत नव्हती. प्रकरणं मात्र सगळीकडे 43. (सोळाव्या प्रकरणात थोडा घोळ होऊ शकतो. तराफेवाल्यांचा एक लांब प्रसंग काही आवृत्त्यांत आहे, काहींत नाही.)

लिहायला बारा मिनिटं. कार्डं गोळा करून ग्रंथपाल बाईंनी ती टेबलावर प्रकरणांच्या क्रमाने ओळीत मांडली. पंधरा, तेवीस, एकतीस, बत्तीस आणि चौतीसपासून पुढची सगळी, अशा ठळक चळती झाल्या. तीन मिनिटं कुणीही न बोलता फक्त वाचायचं. मग पंधरापासून सुरुवात. कार्डं कुणाची हे विचारायचं नाही. ज्याला सांगायचं त्याने आपणहून सांगायचं.

उतारे फक्त ग्रंथपाल बाई वाचणार आणि शब्दाच्या जागी थांबणार. पंधराव्या प्रकरणातला धुक्यानंतरचा प्रसंग त्यांनी वाचला. हकने जिमला फसवलं आहे, जिम तराफ्यावरच्या पाल्यापाचोळ्याकडे बोट दाखवून त्याला सुनावतो आणि माफी मागायला जायला हकला पंधरा मिनिटं लागतात. मग तेविसावं: जिम रात्री एकटा रडतो आहे. चार वर्षांच्या लेकीला दार लाव म्हटलं, ती हसत उभी राहिली म्हणून तिला मारलं, आणि मागे वाऱ्याने दार धाडकन आपटलं तरी ती हलली नाही तेव्हा कळलं, की तापानंतर तिला ऐकू येईनासं झालं आहे. या चळतीतली पाचही कार्डं जवळपास सारखी होती. टेबलाच्या दोन्ही बाजू पहिल्यांदा एका जागी आल्या, आणि ते जिमच्या दुःखावर, हकच्या मोठेपणावर नाही.

एकतिसाव्यावर चार कार्डं होती. गृहस्थांनी आपलं कार्ड ओळखून दिलं. मग ग्रंथपाल बाईंनी लगेच बत्तिसावं घेतलं. हक आता दुसऱ्या घरी, त्या घरच्यांचा पाहुणा असल्याचं भासवत. बोटीवर स्फोट झाला अशी थाप तो मारतो. कुणाला लागलं का, असं घरची बाई विचारते. नाही, एक कृष्णवर्णीय मेला, असं तो सांगतो. बरं झालं, ती म्हणते, कधी कधी माणसांना लागतं. पत्र फाडल्यानंतरचं हे लगेच पुढचं प्रकरण आहे. हक त्या बाईला पटेल असं बोलतोय की त्याला स्वतःलाही तसंच वाटतं, यावर बराच वेळ बोलणं झालं. एकमत झालं नाही आणि व्हायला हवं असंही नव्हतं.

पुढच्या चळतीत समुपदेशक बाईंची तीन कार्डं होती. त्यांनी ती स्वतः उचलली. हकचा मित्र टॉम सॉयर परत येतो. जिम खोपटात कोंडलेला, साखळीने बांधलेला. त्याला सहज सोडवता आलं असतं, पण टॉमला पुस्तकातल्यासारखी सुटका हवी म्हणून त्या खोपटात उंदीर, कोळी, साप सोडले जातात. हक कुरकुरतो आणि सामील होतो. शेवटी कळतं की मालकीण दोन महिन्यांपूर्वीच मेली, तिने मृत्युपत्रात जिमला मुक्त केलं होतं आणि टॉमला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. खेळाचा मोबदला म्हणून टॉम जिमला चाळीस डॉलर देतो. एका अनामिक कार्डावर एवढंच होतं: ‘जिमला विकलं तेही चाळीस डॉलरला.’ ते वाचून टेबलावर शांतता पसरली. मग दुसऱ्या कुणीतरी सोळावं प्रकरण काढलं. तिथे पळालेल्या गुलामांना शोधणारे दोघं वीस-वीस डॉलरची दोन नाणी फळीवर ठेवून हकला देतात. पुन्हा चाळीस.

तेव्हा गृहस्थ बोलले. वडील मुलांना हे पुस्तक एकतिसाव्यापर्यंत वाचून दाखवायचे आणि पत्र फाडलं की मिटायचे. त्यांनी स्वतःही पन्नास वर्षं तसंच केलं होतं. पुढचं सगळं त्यांनी या महिन्यात प्रथम सलग वाचलं होतं. (कादंबरीकार हेमिंग्वेनेही 1935 मध्ये वाचकांना पुस्तक त्याच सुमारास थांबवायचा सल्ला दिला होता, पुढचं सगळं फसवणूक आहे म्हणून.) समुपदेशक बाईंचा राग नेमका त्यांनी न वाचलेल्या बारा प्रकरणांतून आला होता. दोघं नोव्हेंबरात एकाच पुस्तकावर भांडत नव्हते. त्यांचं पुस्तक वेगवेगळ्या जागी संपत होतं. फोनवरची तिसरी अट ग्रंथपाल बाईंना तेव्हा उमगली.

मराठी बाईंनी शेवटाकडे एक गोष्ट सांगितली. कॉलेजात दलित आत्मकथनं अभ्यासाला होती. त्यातल्या जातीच्या शिव्या सर वर्गात खणखणीत वाचायचे, ठसका यावा म्हणून. मागच्या बाकांवर कोण बसलंय आणि ते वर का बघत नाहीत, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. “माझ्याही नाही,” त्या म्हणाल्या.

निष्पत्ती

गट टिकला, पण पूर्ववत झाला नाही. नोव्हेंबरात दुसरी ईमेल लिहिणारे सदस्य कायमचे गेले. समुपदेशक बाई ‘मॉकिंगबर्ड’ला आल्या नाहीत, हर्स्टन आणि मॉरिसनला आल्या. ‘बिलव्हेड’ सिनसिनाटीत, म्हणजे याच नदीकाठी घडते आणि तिचं मूळ 1856 मध्ये गुलामगिरीतून पळून, गोठलेली ओहायो ओलांडून आलेल्या मार्गारेट गार्नरच्या खऱ्या घटनेत आहे. त्या बैठकीला 15 जण होते. एप्रिलमध्ये पर्सिव्हल एव्हरेटची ‘जेम्स’ (2024), म्हणजे हीच गोष्ट जिमच्या तोंडून, अशी जादा बैठक ठरली. प्रती पाचच मिळाल्या, रांग लांब होती, म्हणून ती मे महिन्यात ढकलावी लागली.

गृहस्थ आणि समुपदेशक बाई यांची मैत्री झाली नाही. गृहस्थांना एकतिसाव्याला अजूनही रडू येतं, तसं त्यांनी ‘बिलव्हेड’च्या दिवशी सांगितलं. त्या “ठीक आहे” म्हणाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम. ‘हकलबेरी फिन’ तिसरं नको होतं. गट एकमेकांना ओळखू लागला की मगच भावना दोन दिशांना नेणारं पुस्तक घ्यावं, आणि त्याच्या आधी कृष्णवर्णीय लेखकाची एक तरी कादंबरी हवी. इथे हर्स्टन फेब्रुवारीत होती. ती ऑक्टोबरात आली असती तर पहिला कृष्णवर्णीय आवाज जिमच्या रूपाने, एका गोऱ्या मुलाच्या तोंडून ऐकावा लागला नसता.

उच्चाराचा नियम नोंदणीच्या पत्रकातच हवा. प्रसंग घडल्यावर नियम केला की तो शिक्षेसारखा वाटतो. एक ओळ पुरते: लिहिलेलं वाचू, शिवी उच्चारणार नाही. कोणत्या पुस्तकांत ती येते तेही तिथेच सांगावं, ऑडिओबुकचा इशाराही.

पुस्तक संपवण्याची अट. साधी वाटते, पण वाचनगटात निम्मे लोक आठवणीतल्या पुस्तकाबद्दल बोलत असतात, शाळेत वाचलेल्या, सिनेमात पाहिलेल्या किंवा वडिलांनी अर्धं वाचून दाखवलेल्या. ‘या महिन्यात कुठपर्यंत वाचलं?’ हा फेरीचा पहिला प्रश्न असता तर नोव्हेंबरातच उलगडा झाला असता.

कार्डांच्या पद्धतीतही खोट होती. दहा जणांत हस्ताक्षर लपत नाही. मोठ्या अक्षरात लिहायला सांगून थोडाच फरक पडला. चार कार्डं जास्त होतात, तीन पुरेत. लिहिणं 12 मिनिटं, मांडणी 5, मूक वाचन 3, उतारे मिळून 15, उरलेली 55 मिनिटं बोलणं असं गणित होतं. प्रत्यक्षात बत्तिसाव्या प्रकरणानेच वीस मिनिटं खाल्ली आणि बैठक साडेआठपर्यंत लांबली. शेवटच्या बसने जाणाऱ्या दोघांना मध्येच उठावं लागलं. पाचऐवजी तीन प्रकरणं आधी ठरवून घेतली असती तर हे टळलं असतं.

आणि दुसरा समन्वयक. बोलणं चालवणारी व्यक्ती चेहऱ्यांकडे पाहू शकत नाही. पुस्तक पालथं ठेवलं गेलं, ते गोलात समोर बसलेल्या कुणाला तरी दिसायला हवं होतं. मार्चपासून ग्रंथालयातल्या एका तरुण कर्मचाऱ्याला त्यासाठी बसवतात. तो चर्चेत बोलत नाही. कुणी ‘पुढे जा’ म्हटलं की वहीत वेळ लिहितो आणि त्या माणसाला पुन्हा विचारलं जाणार नाही याकडे लक्ष ठेवतो.